फोटोत फक्त सालाचे शेवटचे दोन आकडे होते

अमेरिकेचा १९५५ चा डबल डाय लिंकन सेंट, म्हणजे ठशातल्या चुकीमुळे आकडे-अक्षरं दुहेरी उमटलेलं एक सेंटचं नाणं, आपल्या संग्रहात असावा, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. ऑनलाइन ओळख झालेल्या एका विक्रेत्याने सालाचा जवळून काढलेला फोटो पाठवला. शेवटच्या ५ ला दुसरी कड स्पष्ट दिसत होती. मी त्याच दिवशी पैसे पाठवले. सोबत त्याने 'टांकसाळीतच कापलं गेलेलं' म्हणून आणखी एक नाणं माझ्या गळ्यात मारलं.

पाकीट उघडून सेंट दहापट भिंगाखाली धरला. सालावरून नजर डावीकडे 'लिबर्टी'वर नेली आणि पोटात धस्स झालं. अक्षरं एकेरी. वरचं 'इन गॉड वी ट्रस्ट'ही एकेरी. दुहेरी होता तो फक्त शेवटचा ५, तोही पुसट सावलीसारखा.

त्या काळी डाय, म्हणजे नाण्यावर चित्र उमटवणारा ठसा, घडवताना त्यावर हब, म्हणजे मूळ चित्राचा साचा, एकाहून जास्त वेळा दाबावा लागे. दोन दाबांच्या मध्ये जरा फिरलं की चित्र डायवरच दुहेरी उमटतं आणि त्यातून निघालेलं प्रत्येक नाणं तसंच येतं. १९५५ च्या त्या डायमध्ये साल, लिबर्टी आणि बोधवाक्य तिन्ही दुहेरी आहेत, इतके ठळक की भिंगही लागत नाही. माझ्याकडची सावली झिजलेल्या डायची होती. डाय वापरून थकला की आकड्यांच्या कडा पसरतात. असे सेंट मुबलक मिळतात; तिकडचे संग्राहक त्यांना 'गरिबाचा डबल डाय' म्हणतात. विक्रेत्याला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही. ठाऊक नसतं तर त्याने अख्खं नाणं दाखवलं असतं.

सैल डाय नाणं पाडताना हलला तरी अक्षरं दुहेरी वाटतात, आणि डबल डाय म्हणून अशी नाणीही विकली जातात. तिथे मूळ अक्षराचाच काही भाग दबून शेजारी सपाट पायरी तयार होते, त्यामुळे अक्षर बारीक होतं. खऱ्या डबल डायमध्ये अक्षर जाड होतं, दुसरी प्रतिमाही गोलाईदार असते आणि टोकांना खाच दिसते.

दुसरं नाणं तर सरळसरळ कानशीने घासलेलं होतं. नाण्याची कोरी चकती टांकसाळीतच अर्धवट कापली गेली असेल, तर कापाच्या बरोबर समोरची कड बहुतेक वेळा दबकी, अस्पष्ट येते, कारण कड उचलताना तिथे पुरेसा दाब बसत नाही. माझ्या नाण्याची समोरची कड पूर्ण आणि कापावर समांतर ओरखडे.

पैसे परत मागितले, तर "फोटो बघूनच घेतलंत ना" एवढंच उत्तर आलं. काही आठवड्यांनी त्याने पुन्हा एक १९५५ चा सेंट विकायला काढला, फोटोत पुन्हा तेच दोन आकडे. मी 'लिबर्टी'चा फोटो मागितला. त्याने मला ब्लॉक केलं.