पिट बाईक: छोटी फ्रेम सावरायची की मोठी टाकायची?

आमच्या गोव्यात डिचोली-साखळीकडे पिट बाईकवाल्या (छोट्या चाकांच्या, कच्च्या वाटेवर चालवायच्या बुटक्या गाड्या) बऱ्याच पोरांचं गाडं एकाच ठिकाणी अडतं. आधी 10 इंची चाकांची होंडा सीआरएफ50 स्टाईलची गाडी येते, मग हौसेने त्यात 125 नाहीतर 140 सीसीचं इंजिन बसतं, आणि मग सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, जरा मोकळी सोडली की हॅंडल थरथरायला लागतं, उतारावर तर पुढचं चाक कुठे जाईल त्याचा भरवसाच नाही. मग विचारणा सुरू, की आहे तीच फ्रेम सुधारू की मोठी घेऊ.

पहिलं हे बघा की गाडी का हलते. होंडाची मूळ सीआरएफ50 लहान मुलांसाठी बनवलेली आहे, सीटची उंची साधारण 550 मिमी आणि व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या ॲक्सलमधलं अंतर, 910 च्या आसपास. त्यावर 70 किलोचा माणूस बसला की त्याचं सगळं वजन जवळजवळ मागच्या ॲक्सलवर जातं, पुढचं चाक हलकं पडतं आणि हलकं चाक प्रत्येक खड्याला उडतं. मोठ्या फ्रेमच्या कावासाकी केएलएक्स110 चा व्हीलबेस साधारण 1075 मिमी आहे, म्हणजे 16 सेंटीमीटरचा फरक, आणि एवढ्या फरकाने बसणारा दोन चाकांच्या मधे येतो. मोठी फ्रेम स्थिर वाटते त्याचं मुख्य कारण हेच, पाईप जाड आहे म्हणून नव्हे.

दुसरं कारण चाक. टायर धरून 10 इंची चाकाचा व्यास होतो साधारण 380 मिमी, 14 इंचीचा 475, आणि 17 इंचीचा 570. आपल्याकडे सड्यावर जांभ्याची सुटी खडी कडक जमिनीवर गोट्यांसारखी पसरलेली असते, तिथे छोटं चाक खड्यांच्या मधे उतरतं आणि मोठं वरून जातं. पावसात जांभ्यावर शेवाळ धरलं की मात्र कुठलंच चाक वाचवत नाही, तेव्हा फ्रेमकडून ती अपेक्षा ठेवू नका.

आता पहिला मार्ग, आहे तीच फ्रेम ठेवायची. लांब स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), कोन सेटच्या (हॅंडल फिरतं त्या गोळ्यांच्या बेअरिंगच्या) जागी टेपर बेअरिंग, स्विंगआर्मचे बुश नवे, जमलं तर हॅंडलची थरथर दाबणारा स्टीअरिंग डॅम्पर. हे स्वस्त आहे, आठवड्याभरात होतं, आणि बऱ्याच गाड्यांचं थरथरणं निम्मं इथेच थांबतं कारण मूळ दुखणं झिजलेल्या कोन सेटचंच असतं. म्हणून दुसरं काही करायच्या आधी पुढचं चाक उचलून धरा, फोर्क खालून पकडून मागेपुढे हलवा, टकटक आली तर आधी ते करा. पण याला मर्यादा आहे. स्विंगआर्म लांब केला आणि शॉकअपचा माऊंट होता तिथेच राहिला तर शॉकअपवर जोर जास्त येतो, गाडी मागे बसते, मग कडक स्प्रिंग लागते. आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे छोट्या फ्रेमला उंच अपसाईड-डाऊन (जाड नळी वर असलेला) फोर्क लावणं, दिसायला भारी दिसतं, पण लांब फोर्क म्हणजे हेडस्टॉकवर (फोर्क बसतो त्या फ्रेमच्या पुढच्या नळीवर) लांब पहार लावून जोर काढणं झालं, आणि तिथलाच वेल्ड आधी फुटतो.

फुटलाय का ते बघायची जुनी गॅरेजवाली पद्धत अजून चालते. हेडस्टॉक आणि शॉकअपच्या वरच्या माऊंटजवळचा रंग खरवडा, केरोसीन लावा, पाच-दहा मिनिटं मुरू द्या, कोरडं पुसा आणि वर खडू घासा. भेग असेल तर आत गेलेलं केरोसीन खडूतून केसासारखी काळपट रेघ होऊन वर येतं. अशी रेघ दिसली की पहिला मार्ग संपला. वरून आर्क वेल्डिंगचा टाका मारून देणारे खूप मिळतील, पण हेडस्टॉकवर तसा टाका मारलेल्या गाडीवर मी कोणाला बसू देणार नाही.

दुसरा मार्ग, नुसती मोठी फ्रेम मागवायची. कागदावर हे सगळ्यात सोपं वाटतं आणि खर्च इथेच फसवतो. सीआरएफ50 सारखं आडवं इंजिन क्रॅंककेसच्या मागे वर-खाली दोन बोल्टांवर बसतं, आणि वायएक्स, लिफान या चिनी कंपन्यांची बहुतेक 110 ते 140 सीसी इंजिनं याच पद्धतीची. चिनी केएलएक्स स्टाईल फ्रेम बहुतेक करून याच बोल्टांसाठी बनवलेली असते, पण खऱ्या कावासाकीच्या केएलएक्स110 चे माऊंट वेगळे आहेत, ती फ्रेम घेतलीत तर ॲडॅप्टर प्लेट बनवत बसावं लागेल. तेव्हा विकणाऱ्याला ‘केएलएक्स आहे’ एवढ्यावर सोडू नका, कावासाकीची की केएलएक्ससारखी ते विचारा आणि बोल्टांच्या मधलं अंतर मोजून मागवा.

इंजिन बसलं तरी बाकीचं उरतंच. हेडस्टॉकची लांबी वेगळी म्हणून जुना स्टेम (फोर्क धरून हेडस्टॉकमधे बसणारा दांडा) बसत नाही, शॉकअप आखूड पडतो, चेन आखूड पडते, ब्रेकचा होज आणि क्लच-थ्रॉटल केबल ताणल्या जातात, सायलेन्सरचा माऊंट भलतीकडे, सीट-प्लास्टिक तर पूर्ण नवंच. बाहेरून मागवलं तर कस्टम ड्युटी वेगळी. फ्रेमच्या किमतीत गाडी मोठी होत नाही, हे लिहून ठेवा.

म्हणून मला तिसरा मार्ग जास्त पटतो. इंजिन गेलेली मोठी पिट बाईक शोधायची, 14/12 चाकांची (पुढे 14 इंची, मागे 12 इंची), फोर्क, शॉकअप, चाकं, ब्रेक, सीट सगळ्यासकट, आणि तिच्यात आपलं चालू इंजिन टाकायचं. इंजिन जाम झालं की मालकाचा जीव गाडीवरून उडतो आणि घासाघीस करता येते, आणि तुम्हाला मिळते एकमेकांशी मापात जुळलेली सगळी जोडणी. घेताना मात्र किनाऱ्याकडची गाडी असेल तर जरा जास्त बघा. खाऱ्या हवेत फ्रेमचे पाईप आतून गंजतात, वर पावडर कोटिंग चकचकीत असतं. इंजिनखालच्या पाईपवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, मधेच बद्द आवाज आला तर सोडून द्या. मग मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दोरा लावून पुढपर्यंत ताणा, पुढचं चाक दोन्ही दोऱ्यांच्या बरोबर मधे यायला हवं, एका बाजूला सरकलं तर फ्रेम नाहीतर स्विंगआर्म वाकलाय.

12 इंची की 14 इंची मागचं चाक, याचं उत्तर इंजिन देतं. चाक मोठं झालं की गिअरिंग आपोआप लांबतं, म्हणजे ओढ कमी होते. 10 वरून 12 वर गेलात तर साधारण 22 टक्के, म्हणजे मागे 37 दातांचं स्प्रॉकेट होतं तर तीच ओढ ठेवायला 45 लागेल. 17/14 च्या फ्रेमवर हा फरक 40 टक्क्यांवर जातो, आणि तिथे 110 चं इंजिन चढावर अक्षरशः रडतं, त्यापेक्षा ते छोट्या गाडीतच ठेवा. 140 च्या वर असेल आणि तुमची उंची पावणेसहा फुटांच्या पुढे असेल तरच 17/14 बघा. बाकीच्यांना 14/12 पुरे, काजूच्या बागेतल्या अरुंद वाटेवर ती वळतेही पटकन, जे 17/14 ला जड जातं.

घरात आठ-दहा वर्षांचं पोर चालवणार असेल तर यातलं काहीच करू नका. त्या उंचीला छोटी फ्रेमच बरोबर आहे, पाय टेकतात, पडली तर उचलता येते. इंजिन मात्र परत छोटं करा.

आणि फ्रेम कुठलीही टाका, या गाड्यांची नोंदणी नसते, त्यामुळे रस्त्यावर आणायची नाही, किनाऱ्यावर वाहन न्यायला बंदी आहेच, म्हादई अभयारण्याच्या हद्दीत तर विचारही नको. कोणाची बाग किंवा बंद चिरेखाण असेल तर मालकाला विचारून जा. पहिल्या फेरीनंतर इंजिनचे दोन्ही बोल्ट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि स्टेमचा नट परत आवळा, नवीन जोडणीत हे चार हमखास सैल होतात.