साडेपाच किलोचा गझेबो : वाचा आणि वाचा

आधीच सांगतो, मी सातारचा, वय 41, आणि आमच्या घरात काय बी घ्यायचं असलं, मिक्सरपासून सेकंडहँड गाडीपर्यंत, की "याला विचारा" म्हणून माझ्याकडं बोट दाखवतात. त्यामुळं हे लिहायला लाज वाटतीय पण लिहितोय, कारण ज्या गझेबोच्या (चार पायांवर कापड ताणलेला सावलीचा मंडप) जाहिरातीला मी फसलो, तसलीच जाहिरात मागच्या आठवड्यात ऑफिसमधला एक जण मला कौतुकानं दाखवत होता.

झालं असं की डिसेंबरात आक्का आणि दाजी पोरांना घेऊन सांगलीहून येणार होते, आणि सगळे मिळून नऊ जण बामणोलीच्या बाजूला एका ओळखीच्याच्या रानात, कोयनेच्या बॅकवॉटरच्या कडेला दोन रात्री राहायचं ठरलं. (कासच्या पठारावर तंबू ठोकायचा विचारसुद्धा करू नका हां, 2012 पासनं ते जागतिक वारशात आहे, पठार ओलांडून गुमान पुढं जायचं.) झोपायचे तंबू दाजींकडं होते. राहिल्या दोन गोष्टी, दुपारच्या उन्हाला सावली आणि बायकांना आंघोळीला, कपडे बदलायला आडोसा. आक्कानं फोनवर स्पष्टच सांगितलं, "आडोसा नीट असला तर येते बाबा, झुडपामागं जायचं वय राहिलं नाही माझं."

आमच्या गल्लीत एक मंडपवाले काका आहेत, त्यांना विचारलं असतं तर तिथंच विषय संपला असता. पण मला रात्री साडेअकराला अंथरुणात पडल्या पडल्या इन्स्टावर जाहिरात दिसली. दहा बाय दहा फुटांचा फोल्डिंग गझेबो प्लस चेंजिंग टेंट, कॉम्बो 4,899, व्हिडिओत एक बाई एका हातानं गझेबो उघडतीय आणि शेजारी टेंट उडी मारून उभा राहतोय, खाली लिहिलेलं 600 डेनियर कापड, हेवी ड्यूटी स्टील फ्रेम, वॉटरप्रूफ, पत्ता पुण्याचा. कॅश ऑन डिलिव्हरी नाही, फुल पेमेंट यूपीआयनं, म्हणे "ऑफर स्टॉक" आहे. तसला एकटा गझेबो दुसरीकडं मी सात हजाराच्या खाली बघितला नव्हता, तेव्हाच डोकं चालायला पाहिजे होतं. पण स्वस्तात मिळालं की आपण हुशार आहोत असं वाटतं ना, तिथंच गडी मरतो.

मी व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न विचारला, वजन किती. उत्तर आलं, "सर लाइटवेट है, easy नहीं बल्कि सुपर ईझी." किलोत आकडा नाही. मी परत विचारलं नाही आणि पैसे पाठवले.

आठ दिवसांनी पार्सल आलं, पोरगं एका हातात घेऊन जिना चढून आलं. लेबलवर वजन छापलेलं होतं 5.4 किलो, दोन्ही वस्तू मिळून. आता मला कळतंय की कात्रीसारखा उघडणारा दहा बाय दहाचा स्टीलचा गझेबो पंधरा-वीस किलोच्या घरात जातो, एका माणसाला गाडीच्या डिकीतनं काढताना कंबर धरायला लागते. तो हातात पिशवीसारखा आला म्हणजे त्यात लोखंड नाही, साधा हिशोब. पण मी पार्सल तसंच डिकीत टाकलं, गच्चीवर एकदा लावून बघितलं नाही. बायको म्हणत होती बघा एकदा, मी म्हटलं तिथं गेल्यावर मजा येईल लावायला.

मजा आली. गझेबो फोल्डिंगचा नव्हताच, सुट्टे पाईप निघाले, बोटाएवढे जाड, एकात एक घालायचे, सांध्याला प्लास्टिकचे कोपरे, त्यातले दोन बॉक्समध्येच फुटलेले. वरचं कापड म्हणजे बाजारात भाजी झाकतात तसला प्लास्टिक कागद. दाजी काहीच बोलले नाहीत, फक्त सुतळी आणायला गेले, दाजींचं न बोलणं जास्त लागतं. खुंट्या म्हणजे वाकवलेल्या तारा, तिथली जमीन मुरमाड, दगडानं ठोकली की तार चकलीसारखी वळायची. शेवटी चारी पायांना पाण्याचे 20 लिटरचे कॅन बांधले, एका पायाला 20 किलो वजन झालं, तेव्हा कुठं उभा राहिला. (ही युक्ती चांगल्या गझेबोलाही वापरा, आपल्याकडं पठारावर जांभा, खाली मुरूम, खुंटीच्या भरवशावर राहू नका. आणि खुंटी जातच असंल तर तिचं डोकं तंबूपासून लांब झुकवून तिरकी ठोकायची, दोरी साधारण 45 अंशात ताणायची, सरळ उभी ठोकली की उपटते.)

संध्याकाळी पाण्यावरनं वारा सुटला. वीस मिनिटांत कॅन जागेवर, पाय जागेवर, आणि वरचा सांगाडा कापडासकट शेजारच्या नाचणीच्या काढून झालेल्या रानात. चांगला गझेबो असला तरी वारा वाढला की कापड काढून ठेवायचं असतं, ते छप्पर नसतं, शीड असतं, हे मला काकांनी नंतर सांगितलं.

पण खरा राग गझेबोचा नाही, टेंटचा आहे. चेंजिंग टेंट तसा उभा राहिला, तारेच्या रिंगचा असतो, सोडला की आपोआप उघडतो, दिवसा बघितलं तर बरा दिसत होता. अंधार पडल्यावर आक्का आत गेली, हातात बॅटरी, आणि आम्ही शेकोटीपाशी बसलेलो सगळे एकदम गप्प झालो. कापडावर सगळी सावली, साडीची पिन काढताना हातसुद्धा दिसत होता. बायको ओरडत पळाली, "वन्सं, बॅटरी बंद करा!" आक्का बाहेर आली ती माझ्याकडं बघितलंच नाही तिनं. त्या रात्री दोघी गाडीच्या दोन दारांना चादर बांधून आत कपडे बदलत होत्या, आणि सकाळी आंघोळीला रानमालकाच्या घरी गेल्या.

आडोशाचा तंबू घेताना हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. कापडाच्या मागं मोबाईलची बॅटरी लावा आणि मध्ये हात धरा, बोटं मोजता आली तर ते कापड नको. आतनं काळं किंवा चंदेरी कोटिंग असलं तर सावली पडत नाही. डेनियर म्हणजे काय तर 9000 मीटर सुताचं वजन जितके ग्रॅम तितका आकडा, आकडा मोठा म्हणजे सूत जाड. पण जाहिरातीत 600 लिहायला काय लागतंय? माझ्या कापडाला पलीकडचा डोंगर दिसत होता. आणि ते रिंगचं घडी घालायचं घरी चार वेळा शिका, आठच्या आकड्यासारखं पिळून रिंगा एकावर एक आणायच्या असतात, आमच्याकडं दोन गडी अर्धा तास त्याच्याशी कुस्ती खेळत होते.

घरी आल्यावर मी त्या नंबरवर फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला. एक दिवस गप्प. मग "कस्टमर केअर"चा फोन, अतिशय गोड आवाज, सॉरी सर, फुल रिफंड देतो, क्यूआर पाठवलाय तो स्कॅन करा. मी स्कॅन केला, 4,899 दिसले, पिन टाकला. लोकहो, मी रोज यूपीआय वापरतो, पैसे यायला पिन लागत नाही, फक्त जायला लागतो, हे मला माहीत होतं, माझ्या आईला मीच शिकवलंय. पण डोक्यात राग आणि समोर परत मिळणारा आकडा, बोटं आपोआप चालली. आणखी 4,899 गेले. एकूण 9,798, यात बामणोलीला जाताना जाळलेलं पेट्रोल आणि आक्काचा रुसवा धरलेला नाही.

त्या मिनिटाला एक गोष्ट बरोबर केली, लगेच 1930 ला फोन लावला. सायबर फसवणुकीचा हाच नंबर, जितक्या लवकर लावाल तितकी समोरच्या खात्यात पैसे अडकायची शक्यता. माझे दुसऱ्या वेळचे 2,300 अडकलेत असं बँकेनं सांगितलं, हातात अजून आलेले नाहीत. पहिल्या खरेदीसाठी 1915 ला, ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली. तिथनं नाव-पत्ता मागितला तेव्हा मी पहिल्यांदा बिल नीट वाचलं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं ऑनलाइन विकणाऱ्यानं खरं नाव, पत्ता, तक्रार ऐकणाऱ्या माणसाचा संपर्क द्यायचा असतो, यांच्या पेजवर फक्त एक व्हॉट्सॲप नंबर. बिलावरचा जीएसटी नंबर 07 नं सुरू होत होता. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा 27, 07 म्हणजे दिल्ली. पुण्याचा दुकानदार दिल्लीच्या नंबरनं बिल फाडतोय. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकून फुकट बघता येतं, मी टाकला तर भलतंच नाव आणि पुढं "कॅन्सल्ड". दोन मिनिटांचं काम होतं, पैसे पाठवायच्या आधी बिलाचा नमुना मागून केलं असतं तर.

नंतर मंडपवाल्या काकांकडं गेलोच. त्यांनी तो पाईप दोन बोटांत धरून वाकवला, माझ्याकडं बघितलं, पाईप परत दिला. म्हणाले, "आरं दोन रात्रीसाठी गझेबो कशाला? शेतीच्या दुकानातनं 75 टक्केचं शेडनेट घे, चार बांबू, दोरी, वारा त्यातनं निघून जातो, उडत नाही. आडोशाला जाड ताडपत्री, जीएसएम विचारून घे, आणि हातात धरून बघ." शेडनेटच्या टक्क्याचा अर्थ तेवढं ऊन ते अडवतं, आणि जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर ताडपत्रीचं वजन किती ग्रॅम. शेडनेट पाऊस मात्र अडवत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत आपल्याला तो नकोच असतो.

शेडनेट आणलंय, ताडपत्रीही आणलीय, गच्चीवर दोनदा लावून झालंय, रात्री आत बॅटरी लावून पोराला उभा करून बघितलं, काही दिसत नाही. फेब्रुवारीत परत जायचं म्हणून काल आक्काला फोटो पाठवले. तिचं उत्तर आलं, "फोटो नको. काट्यावर ठेव आणि किती किलो भरतंय ते सांग."