नाताळच्या भेटींसाठी घेतलेले घरगुती साबण: काय आवडलं, काय खटकलं

आधीच सांगते, हे कुठल्या मोठ्या ब्रँडचं परीक्षण नाहीये. वसई पश्चिमेला आमच्या गावापासून थोडं पुढे एक काकी घरी साबण करतात, दुकानाला ना पाटी ना वेबसाइट, व्हॉट्सॲपवर यादी येते, आपण नाव टाकायचं आणि सांगितलेल्या दिवशी जाऊन पिशवी घेऊन यायची, एवढाच कारभार. यंदा नाताळच्या सगळ्या भेटी मी त्यांच्याकडून घेतल्या आणि घरीही आता तेच साबण चाललेत म्हणून लिहायला बसले.

भेटीत साबण का, तर यंदा घरात ठरलं होतं की नाताळ साधा करायचा. दरवर्षी डिसेंबर लागला की कपडे, चकचकीत कागदातले गिफ्ट, दोन-दोन केक, आणि जानेवारीत क्रेडिट कार्डाचं बिल बघून नवरा-बायको एकमेकांकडे बघणार. सासूबाईच म्हणाल्या, आमच्या वेळी येशूजन्माचा गोठा, चर्चमधली मिस्सा आणि ताटभर गोडधोड एवढ्यात नाताळ व्हायचा, तुमचं काय अडतं? मग गोठा मुलांनी पेंढा आणि मातीचा केला, कंदील बांबूच्या कामट्या आणि पतंगाच्या कागदाचा, गोड कुलकुल घरी वळले, आणि प्रत्येक घरी द्यायला एक साबण आणि थोडी सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी. सुकेळी तर आपल्या वसईचीच, त्यात विचार करायलाच नको होता. प्रश्न होता साबणाचा.

कारण ‘हँडमेड’ साबणाने एकदा हात पोळलेत. एका प्रदर्शनातून घेतले होते, पारदर्शक, आत गुलाबाच्या पाकळ्या, दिसायला एकदम भारी. महिन्याभरात पाकळ्या काळ्या पडल्या, अगदी मेलेलं झुरळ अडकल्यासारख्या. नंतर कळलं की तो तयार बेस विकत आणून, वितळवून, साच्यात ओतलेला साबण. त्यात गुन्हा काही नाही, पण मग तसं सांगा ना, ‘आजीची पारंपरिक पद्धत’ कशाला छापता.

काकींचं काम तसं नाही हे मी डोळ्यांनी बघितलंय. खोबरेल, थोडं ऑलिव्ह, थोडं एरंडेल, आणि कॉस्टिक सोडा. हो, सोडा लागतोच, ‘केमिकल फ्री साबण’ म्हणून कुणी विकत असेल तर त्याला विचारा की बाबा तेलाचा साबण झाला कसा. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही, नाहीतर उसळून अंगावर येतं, आणि ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही, स्टीलच हवं. काकी हे सगळं मागच्या पडवीत करतात, हातमोजे, चष्मा घालून, नातवंडांना तेव्हा तिकडे फिरकायची बंदी. दुसऱ्या दिवशी साबणाची लादी घट्ट झाली की तारेनं वड्या पाडतात आणि माळ्यावर बांबूच्या ताट्यांवर मांडून ठेवतात, चार ते सहा आठवडे. त्या मुदतीत पाणी उडून जातं, वडी कडक होते आणि अंगाला सौम्य पडते. द्यायच्या आधी काकी वडीला ओलं बोट लावून ते जिभेला टेकवतात, झिणझिणलं म्हणजे सोडा अजून उरलाय, मग तो घाणा परत माळ्यावर. मला म्हणाल्या, बघ गं तू पण. मी नाही बघितलं.

आणि यामुळेच मला त्या पहिल्यांदा पटल्या. माझ्या जावेनं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोन करून आणखी दहा वड्या मागितल्या, भर सीझन, पैसे आधी द्यायला तयार, तर काकी सरळ नाही म्हणाल्या. “अगं, आत्ता घातला तर नाताळला कच्चाच जाईल, तुला हवा तर जानेवारीत ये.” नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर त्या नाताळच्या ऑर्डरी घेतच नाहीत. धंद्यात असं गिऱ्हाईक परत पाठवणारं माणूस मला तरी क्वचितच भेटलंय.

आता साबणांकडे येते. सगळ्यात चांगला साधा पांढरा, वासबिस काही नाही, दिसायला एकदम गरीब, कुणी भेट म्हणून उचलणार नाही. पण आमच्याकडे बोरिंगचं पाणी मचूळ आहे, कंपनीचा साबण लावला की फेस कमी आणि बादलीवर पांढरा साका जास्त, तिथे हा मस्त फेसाळतो. खोबरेलाच्या साबणाचा हा गुणच आहे, खाऱ्या पाण्यातही फेस देतो. साका याचाही थोडा बसतोच, साबण म्हटला की जड पाण्यात ते होणार. नुसतं खोबरेल असेल तर कातडी ताणल्यासारखी कोरडी पडते, पण काकी पाचेक टक्के तेल जास्तीचं ठेवतात, सोड्याला सगळं खाऊ देत नाहीत, म्हणून तसं होत नाही. सासूबाईंच्या पायाच्या भेगा काही त्याने गेल्या नाहीत हेही सांगते, साबण आहे तो, मलम नाही.

कॉफीचा मी स्वयंपाकघराच्या बेसिनपाशी ठेवलाय आणि तिथून हलवणार नाही. बोंबील साफ केल्यावर, इंदयालाचं मटण लसूण-व्हिनेगरमध्ये मुरवल्यावर हाताला जो वास राहतो तो दोन वेळा चोळला की बराचसा जातो, आणि कॉफीचा चोथा असल्यामुळे नखांतलाही मसाला निघतो. चेहऱ्याला मात्र लावू नका, खरखरतो. शिवाय फेस तपकिरी, पांढऱ्या टॉवेलला पुसलात तर नंतर माझ्या नावाने ओरडू नका.

नाताळ स्पेशल म्हणून संत्रं-लवंगेचा होता, भेटीसाठी मी तोच जास्त घेतला कारण घमघमाट असा की माळ्याच्या जिन्यापासून वास यायचा. इथे तक्रार आहे. संत्र्याचा वास टिकत नाही, आठ-दहा अंघोळींत उडाला आणि राहिली नुसती लवंग, दात दुखल्यावर घरात येते तशी. काकींना सांगितलं तर म्हणाल्या लिंबू-संत्र्याची तेलं अशीच उडतात, पुढच्या वेळी काहीतरी घालून बघते. बघू. उटण्याचा पण होता, तो दिवाळीचा उरलेला वाटला, मला काही विशेष नाही आवडला.

पॅकिंग अगदीच बाळबोध. वड्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत, बस. आम्हाला ते चाललं कारण मुलांनी घरी बटर पेपर आणि लाल लोकर बांधली, दोन संध्याकाळी त्यातच गेल्या आणि टीव्ही बंद राहिला. पण ज्याला तयार भेट हवी त्याला हे जमणार नाही. एक ध्यानात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधू नका, या साबणात ग्लिसरीन तसंच राहतं आणि ते आपल्या दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, मग वडीवर घामासारखे थेंब येतात. खराब होत नाही, पण देताना बरं दिसत नाही. आणि खाण्याच्या वस्तूंबरोबर तर अजिबात नको. जाऊबाईंनी सुकेळी आणि साबण एकाच डब्यात भरले, तिच्या माहेरी सगळ्यांनी लवंगेची सुकेळी खाल्ली.

किंमत 120 रुपये वडी. महाग वाटते, त्यात सप्टेंबर 2025 पासून कंपनीच्या साबणावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आलाय, म्हणजे फरक आणखीच डोळ्यात येतो. पण एक किलो तेलात फार तर चौदा वड्या होतात, खोबरेल केवढं चढलंय ते आपण किराण्याच्या बिलात बघतोच, वर महिना-दीड महिना माल माळ्यावर अडकून. मला किंमत पटली. वजन नाही पटलं. यादीत 100 ग्रॅम लिहिलंय, माझ्या किचनच्या काट्यावर बहुतेक वड्या 90 च्या आसपास भरल्या. काकी कापताना वजन करतात आणि वाळताना पाणी उडतं, लबाडी नाहीये, पण गिऱ्हाइकाने वाळलेली वडी घेतली ना, मग वाळलेलं वजन लिहा.

दुसरी आणि मोठी गोष्ट लेबलची. वडीवर ना घातल्याची तारीख, ना काय काय घातलंय ते. ओळखीत ठीक आहे, पण माझ्या मावसबहिणीच्या मुलाला इसब आहे, तिनं विचारलं यात कुठलं सुगंधी तेल आहे, मला फोन करून विचारावं लागलं. शिवाय अंघोळीचा साबण कायद्याने कॉस्मेटिकमध्ये येतो, विकण्यासाठी बनवायचा तर 2020 च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे राज्याच्या एफडीएचं (अन्न व औषध प्रशासनाचं) लायसन लागतं, लेबलवर लायसन नंबर, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचा ते सगळं लागतं. काकींना मी हे बोलले. त्यांची सून म्हणाली आम्ही चौकशी चालू केलीय, पण घरच्या पडवीला लायसन मिळणं सोपं नाही, वेगळी जागा दाखवावी लागेल. बरोबर आहे तिचं, चार ताट्यांच्या धंद्याला तो खर्च झेपणारा नाही. तरी तारीख आणि घटक एका चिठ्ठीवर लिहायला काही लागत नाही, एवढं तर उद्यापासून करता येईल.

माझे पाचातले साडेतीन स्टार. चिठ्ठी आली की चार करते. घ्यायचा असेल तर पांढरा आणि कॉफीचा घ्या, संत्र्याचा फक्त ज्यांना देऊन मोकळं व्हायचंय त्यांच्यासाठी.