बँकॉक : ‘पॅलेस आज बंद आहे’ सांगणारा सज्जन

ग्रँड पॅलेसच्या पांढऱ्या तटबंदीलगत चालत असताना इस्त्रीचे कपडे, गळ्यात ओळखपत्र, असा एक माणूस अदबीने हटकतो. ‘आज पूजा आहे, परदेशी लोकांना दुपारी एकनंतरच सोडतात.’ तुमचा वेळ फुकट जाऊ नये म्हणून नकाशावर दोन-तीन देवळांवर खुणा करतो आणि जवळच उभ्या असलेल्या टुकटुकवाल्याशी (टुकटुक म्हणजे तिथली तीनचाकी रिक्षा) भाडंही ठरवून देतो : सगळं फिरवून फक्त ४० बाट.

एवढ्यात गॅसचाही खर्च सुटत नाही. गिऱ्हाईक दुकानात नेलं की चालकाला इंधनाची कुपनं मिळतात, खरेदी झाली तर कमिशन वेगळं. म्हणून वाटेत शिंप्याचं किंवा रत्नांचं दुकान लागतंच. त्याआधी एखाद्या देवळात दुसरा सद्गृहस्थ भेटतो आणि सहज बोलता बोलता सांगतो, सरकारी करमुक्त विक्रीचा आज शेवटचा दिवस, आपल्या देशात नेऊन दुपटीने विकता येतं. लोक फसतात ते इथे. एकमेकांना ओळखत नाहीत असं वाटणारी तीन माणसं एकच गोष्ट सांगतात, मग ती खरी वाटणारच. अशी सरकारी विक्री मुळात नसतेच.

नीलम खोटा असेलच असं नाही, किंमत मात्र अवाच्या सवा लावलेली असते. सोबतच्या प्रमाणपत्रात खडा कुठला ते लिहिलेलं असतं, भाव नाही. झवेरी बाजारात दाखवल्यावर खरा आकडा कळतो. दुकानदार पार्सल टपालाने घरी पाठवायचा आग्रह धरतो, कारण बँकॉकमध्येच कोणी पारखून घेतलं तर पंचाईत. पैसे अडकलेच असतील तर माल टपालात जाऊ देऊ नका. बिल आणि कार्डाची पावती घेऊन देश सोडण्याआधीच पर्यटक पोलिसांना ११५५ वर फोन करा आणि बँकेलाही कळवा.

पॅलेस एरवी रोज सकाळी ८.३० ला उघडतो, तिकीटविक्री दुपारी ३.३० पर्यंत. राजघराण्याच्या समारंभासाठी क्वचित बंद असतो. ते अधिकृत संकेतस्थळावर आदल्या दिवशी बघून ठेवा. ना फ्रा लान रस्त्यावरच्या मुख्य फाटकापर्यंत स्वतः चालत जा, वाटेत कोणी काहीही सांगो. मेट्रोने सनाम चाय स्थानक किंवा नदीतल्या बोटीने था चांग धक्का गाठला तर टुकटुकची गरजच पडत नाही. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, नाहीतर ‘या कपड्यांत सोडणार नाहीत’ म्हणत भाड्याचे कपडे गळ्यात मारणारेही टपलेले असतात. हीच सगळी कथा शेजारच्या वाट फो या देवळाच्या भिंतीपाशीही ऐकायला मिळते.