किटकिट स्कूल : शिक्षक नसलेल्या खेड्यासाठी घडवलेले अ‍ॅप

शिक्षक पोहोचत नाही तिथे मूल टॅबलेटच्या आधाराने आपले आपण वाचायला आणि मोजायला शिकू शकेल का, हे अजमावण्यासाठी भरवलेल्या ग्लोबल लर्निंग एक्सप्राइझ स्पर्धेत २०१९ साली 'किटकिट स्कूल' आणि 'वनबिलियन' यांना १ कोटी डॉलरचे पहिले बक्षीस विभागून मिळाले. त्यांपैकी किटकिट स्कूलची, पूर्व आफ्रिकेत बोलल्या जाणाऱ्या स्वाहिली भाषेतली आवृत्ती मी जुन्या टॅबलेटवर चालवून पाहिली.

मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. ज्याला वाचताच येत नाही त्याच्यापुढे लेखी सूचना ठेवून उपयोग नाही, हे ओळखून बोट कुठे आणि कसे फिरवायचे ते चित्रांतून व आवाजातून सांगितले आहे. धड्यांचा कंटाळा आल्यास फळ्यावर रेघोट्या ओढण्याची किंवा मरिंबा (लाकडी पट्ट्यांचे वाद्य) वाजवण्याची सोयही आहे. स्वाहिलीत स्वर पाचच आणि लिहिले तसेच वाचायचे; त्यामुळे बा, बे, बी, बो, बू करीत शब्दांपर्यंत जाण्याची तिथली वाट बाराखडी घोकलेल्या आपल्या वाचकांना परकी वाटणार नाही.

मात्र बक्षिसाच्या झगमगाटात चाचणीचे आकडे नीट वाचले जात नाहीत. टांझानियाच्या टांगा प्रांतातील सुमारे १७० खेड्यांत जवळपास ३,००० मुलांना अंतिम फेरीतील पाच अ‍ॅप्स १५ महिने वापरायला दिली होती. टॅबलेट गूगलने दिले आणि ते चालावेत म्हणून सौर चार्जिंग केंद्रे उभारावी लागली. सुरुवातीला ९० टक्क्यांहून अधिक मुलांना स्वाहिलीतला एकही शब्द वाचता येत नव्हता. अखेरीस हे प्रमाण निम्म्यावर आले. बहुतेकांनी शाळेचे तोंडही पाहिलेले नसताना एवढी मजल मारणे कौतुकास्पदच आहे, पण जवळपास निम्मी मुले तेव्हाही कोरीच होती, आणि त्यांच्यापर्यंत शिक्षकाशिवाय कसे पोहोचायचे याचे उत्तर या अ‍ॅपकडे नाही.

शिवाय टांझानियात प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत आणि माध्यमिक शिक्षण इंग्रजीत आहे. २०१६ पासून फॉर्म चारपर्यंतची, म्हणजे माध्यमिकच्या चौथ्या वर्षापर्यंतची फी माफ झाल्याने वर्ग आणखी भरले. स्वाहिलीतून इंग्रजीत जाण्याच्या या उंबरठ्यावर मुलाला खरी मदत हवी असते, तेव्हा पायाभूत वाचन-गणितापुरते असलेले हे अ‍ॅप संपलेले असते.

चार्जिंग आणि दुरुस्तीची जबाबदारी घेणारी संस्था पाठीशी असेल तरच ते घ्यावे. पाचपैकी साडेतीन तारे. त्यांतला अर्धा त्याची आज्ञावली सर्वांसाठी खुली ठेवल्याबद्दल.