वेबॅक मशीन : वहीतल्या जुन्या पत्त्यांची फेरतपासणी

इंटरनेटवर भटकताना जे काही नवलाचे सापडते त्याचा पत्ता एका वहीत उतरवून ठेवण्याची सवय मला २००१ सालापासून, म्हणजे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसण्याच्या दिवसांपासून आहे. गेल्या महिन्यात त्या वहीतले शंभरेक पत्ते एकेक करून पुन्हा उघडून पाहिले, तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी पान सापडत नसल्याचा निरोप आला आणि काही पत्त्यांवर तर भलत्याच जाहिरातींनी ठाण मांडले होते. हा अनुभव काही माझ्या एकटीचा नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडेनाशी झाली होती. अशा हरवलेल्या पानांसाठी मी ज्या सेवेकडे वळले, त्या वेबॅक मशीनविषयी महिनाभराच्या रोजच्या वापरानंतर हे लिहीत आहे.

वेबॅक मशीन ही इंटरनेट आर्काइव्ह या ना-नफा संस्थेची विनामूल्य सेवा आहे. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये ही संस्था सुरू केली, वेबपानांच्या प्रती साठवायला त्याच वर्षापासून आरंभ केला आणि २००१ च्या ऑक्टोबरमध्ये तो साठा सर्वांना खुला केला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये साठवलेल्या पानांची संख्या एक लाख कोटींवर गेली. संस्थेचे मुख्यालय सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत आहे, तिथल्या प्रार्थनागृहात सर्व्हर मांडलेले आहेत आणि बाकांच्या कडेने संस्थेत किमान तीन वर्षे काम केलेल्या माणसांचे छोटे मातीचे पुतळे उभे आहेत. पाने जपण्यामागे शेवटी माणसांची मेहनत असते, याची एवढी सुंदर कबुली मी दुसऱ्या कोणत्याही संस्थेत पाहिलेली नाही.

वापरण्याची रीत सोपी आहे. हरवलेल्या पानाचा पत्ता चौकटीत टाकला की वरच्या बाजूला वर्षांची पट्टी आणि खाली बारा महिन्यांची दिनदर्शिका दिसते, आणि ज्या दिवशी त्या पानाची प्रत घेतली गेली असेल त्या तारखेवर रंगीत वर्तुळ असते. निळे वर्तुळ म्हणजे प्रत नीट घेतली गेली, हिरवे म्हणजे त्या दिवशी पान दुसऱ्या पत्त्याकडे वळवत होते, केशरी आणि लाल म्हणजे त्या वेळी पानच मिळाले नव्हते किंवा सर्व्हर बिघडला होता. हा रंगांचा अर्थ ठाऊक नसला तर माणूस लाल वर्तुळावर टिचकी मारून निराश होतो, म्हणून आधी निळीच वर्तुळे पाहावीत.

माझ्या वहीतला सर्वांत लाडका पत्ता एका निवृत्त शिक्षकांच्या पानाचा होता. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवरच्या खोदीव टाक्यांची त्यांनी स्वतः हिंडून केलेली यादी तिथे होती : प्रत्येक टाक्याची लांबी, रुंदी, काठी टाकून मोजलेली खोली, आणि ‘मार्चअखेर पाणी’ असा एक स्वतंत्र रकाना. ज्या मोफत जागेवर ते पान होते ती जागाच पुढे बंद पडली. वेबॅक मशीनमध्ये २००२ ते २००७ या काळातल्या त्याच्या सात प्रती मिळाल्या. पान उघडले, फिकट पिवळी पार्श्वभूमी दिसली, भेट देणाऱ्यांची संख्या दाखवणारा आकडाही दिसला, पण मजकुराच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांचा निरर्थक गुंता होता.

इथे मराठी वाचकाने एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण इंग्रजीत लिहिलेल्या परीक्षणांत ती सहसा सापडणार नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत, रुळण्यापूर्वीची मराठी पाने शिवाजी, किरण यांसारख्या फॉन्टमध्ये लिहिली जात. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, त्यामुळे साठवला गेलेला मजकूर मुळात रोमन चिन्हांचाच असतो आणि तो फॉन्ट संगणकावर नसेल तर डोळ्यांना कचरा दिसतो. प्रत खराब झाली, असे समजून ती सोडून देऊ नये. मी संगणकावर शिवाजी फॉन्ट बसवला, पान पुन्हा उघडले, आणि क्षणात ‘टाके क्र. ३, पाणी गोड, उन्हाळ्यात आटते’ अशी ओळ समोर आली. वीस वर्षांपूर्वी ज्या ओळीसाठी तो पत्ता उतरवला होता ती हीच. मोबाइलवर मात्र हा उपाय सहजी करता येत नाही, म्हणून जुन्या मराठी पानांसाठी संगणकच वापरावा.

जुन्या प्रतींवर फार विसंबण्यापूर्वी आणखी एक खबरदारी घ्यावी. मजकूर आणि चित्रे नेहमी एकाच दिवशी साठवली गेलेली नसतात, आणि मशीन जवळच्या तारखेची जी प्रत सापडेल ती जोडून पान उभे करते. त्यामुळे २००३ च्या मजकुराशेजारी २००५ चे छायाचित्र दिसू शकते. वरच्या पट्टीतला प्रतीविषयीचा तपशील उघडला की प्रत्येक तुकड्याची वेळ कळते. प्रतीच्या पत्त्यातला चौदा अंकांचा आकडा म्हणजे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद, मात्र ती वेळ जागतिक प्रमाणवेळ असते आणि आपल्या घड्याळासाठी तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. लेखात किंवा प्रबंधात प्रतीचा दाखला देणाऱ्यांनी हे विसरू नये, कारण रात्री उशिरा घेतलेल्या प्रतीची तारीखच बदलते.

मर्यादा आहेत. पत्ता ठाऊक नसेल तर पानांच्या आतल्या मजकुरात शोध घेण्याची सोय नाही, म्हणजे वही, जुने ईमेल किंवा दुसऱ्या पानावरचा दुवा हाताशी हवाच. ज्या पानांसाठी लॉगिन लागते ती इथे नसतात, आणि आज मराठीतले कितीतरी नवलाचे लेखन ज्या व्हॉट्सअॅपवरून फिरते त्याचा तर इथे मागमूसही लागत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. सेवा अखंड चालेलच असेही नाही : २०१७ च्या ऑगस्टमध्ये चित्रपटांच्या चोरीविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशामुळे हे संकेतस्थळ भारतात काही काळ बंद होते, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमधल्या सायबर हल्ल्यात सुमारे ३ कोटी १० लाख खात्यांची माहिती फुटली व सेवा काही दिवस ठप्प झाली. खाते उघडायचे असेल तर त्यासाठी वेगळा पासवर्ड ठेवावा. पाने पाहायला खाते लागतच नाही.

सर्वांत मोलाची सोय मात्र मुख्य पानावर एका कोपऱ्यात आहे. तिथल्या चौकटीत आपण स्वतः एखाद्या चालू पानाचा पत्ता टाकला की त्याच दिवशीची प्रत घेतली जाते आणि तिचा कायमचा पत्ता मिळतो. माझ्या वहीतले जे पत्ते अजून जिवंत होते, त्या सर्वांच्या प्रती मी दोन संध्याकाळी बसून घेतल्या. काही पाने साठायला मिनिटभर लागले, दोन पानांना पुन्हा प्रयत्न करावा लागला. वहीत आता प्रत्येक पत्त्याखाली लाल शाईने प्रतीची तारीख आहे, आणि टाक्यांच्या यादीच्या पानापुढे, पत्त्याच्या जोडीला, कोणता फॉन्ट लागतो तेही लिहून ठेवले आहे.