घरी सर्किट करायचंय, पण कुठलं: उड्यांचं हिट, वजनाचं सर्किट की आपले जोर-बैठका?

परवा आतेभावाचा फोन, दादा जिमची वर्षाची फी भरण्यापेक्षा घरीच हिट (HIIT, थोडा वेळ जीव तोडून आणि थोडा वेळ थांबून करायचा व्यायाम) चालू करतो, पण नुसतं अंगाच्या वजनावर करू की डंबेल आणू? त्याला गडबडीत जे अर्धवट सांगितलं ते इथे नीट लिहितोय. मी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर वन बीएचकेत राहतो, वय ४१, तिन्ही प्रकार काही काही महिने करून झालेत आणि त्यातल्या एकात डावा गुडघा दुखवून घेतलाय, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते आधीच सांगतो, वजनाकडे. तरी तिघांचंही खरं खरं लिहितो.

पहिला प्रकार सगळ्यांना माहितीये, मोबाईलवर टायमर लावायचा, बर्पी (खाली बसून पाय मागे फेकायचे, एक पुशअप, मग उठून उडी), जम्पिंग जॅक, माउंटन क्लाइम्बर, जम्प स्क्वॉट, २० सेकंद जीव तोडून आणि १० सेकंद थांबायचं. दुसरा म्हणजे एक केटलबेल (वर मूठ असलेला लोखंडी गोळा) किंवा डंबेलची जोडी घेऊन चार-पाच व्यायाम ओळीने, फेऱ्या मोजत, यालाच सर्किट म्हणतात. तिसरा म्हणजे सूर्यनमस्कार, जोर, बैठका, वेगात आणि मध्ये फार न थांबता. आजोबांच्या पिढीने याला सर्किट म्हटलं नसतं पण छातीचा भाता तसाच चालतो.

आता ते २०-१० आलं कुठून ते बघा, कारण निर्णय तिथेच अर्धा होतो. जपानच्या इझुमी ताबाता यांचा अभ्यास १९९६ चा. त्यात पोरं तरुण होती, व्यायामाची सवय असलेली, आणि मुख्य म्हणजे जागेवरच्या सायकलवर बसलेली. सात-आठ फेऱ्यांत पुरती दमतील इतका जोर. एका गटाला आठवड्यातून पाच दिवस तासभर मध्यम गतीने सायकल आणि दुसऱ्याला हे चार मिनिटांचं प्रकरण, सहा आठवड्यांनी दुसऱ्या गटाचा दमसास तर वाढलाच, शिवाय कमी वेळात जोर लावायची ताकदही वाढली, जी पहिल्या गटाची फारशी वाढली नाही. झालं, चार मिनिटांत फिट म्हणून जगभर बोंबाबोंब. पण सायकलवर माणूस कितीही दमला तरी पाय पेडलवरच असतात, कंबर वाकडी होत नाही, कुठून उडी मारून कुठे आदळायचं नसतं. तोच टायमर बर्पीला लावला की सहाव्या फेरीत काय होतं ते स्वतःचा व्हिडिओ काढून बघा, मी काढला होता, पोट खाली लोंबतंय आणि उडी मारून खाली येताना गुडघे आत वळतायत. गंमत म्हणजे रॉयल बर्पी नावाच्या ज्या अमेरिकन माणसाने ही कसरत काढली, त्याच्या मूळ प्रकारात पुशअपही नव्हता आणि उडीही नव्हती, ती तब्येत तपासायची चाचणी होती, चार वेळा करायची आणि नाडी मोजायची. आपण त्याच्या शंभर मारतोय.

म्हणून माझ्या लेखी तुलनेचा पहिला मुद्दा कॅलरी नाहीच. घरी समोर कोच नसतो, आरशात बघायलाही श्वास उरत नाही, तर दमल्यावर कुठल्या व्यायामाची ढब आधी बिघडते आणि बिघडली की काय दुखतं, हे बघायचं. उड्यांमध्ये ती सगळ्यात आधी बिघडते आणि भोगतात गुडघा, घोटा. गॉब्लेट स्क्वॉटमध्ये, म्हणजे डंबेल छातीशी धरून बसायचं, वजन पुढे असल्यामुळे पाठ आपोआप ताठ राहते आणि दमलात तर सरळ उठताच येत नाही, वजन खाली ठेवावंच लागतं. माझ्या मते वजनाचा खरा फायदा हा आहे, ते स्वतःच थांबवतं. याला मोठा अपवाद केटलबेल स्विंग, म्हणजे केटलबेल दोन पायांमधून पुढे झुलवायची. तो बसून मारायचा नसतो, कमरेतून वाकून नितंबांच्या झटक्याने मारायचा असतो, आणि चुकीचा मारला तर पाठीचं वाटोळं. पहिले दोन आठवडे नुसतं वजन जमिनीवरून उचलून ठेवायचा सराव करा मगच स्विंग.

बैठकांबद्दल एक गैरसमज आहे की आपलं देशी म्हणजे गुडघ्याला सौम्य. नाही हो. तालमीतली बैठक टाच उचलून, गुडघे बोटांच्या पुढे नेऊन मारतात, गुडघ्यावर चांगलाच भार येतो, पैलवान लहानपणापासून हळूहळू वाढवत आलेले असतात म्हणून शेकड्याने जमतात. चाळिशीत पहिल्याच दिवशी १०० मारल्या तर दुसऱ्या दिवशी इंडियन टॉयलेटला बसायची चोरी, हा स्वानुभव. सूर्यनमस्कार मात्र खरंच सोन्यासारखे आहेत, औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांत पोचवले ते उगाच नाही, अंग मोकळं होतं, खांदे-कंबर-मांड्या सगळ्याला काम, चटईएवढी जागा पुरते आणि आवाज शून्य.

पण नमस्कार असोत, जोर असोत की बर्पी, सगळ्यांत एक भोक आहे, ओढायचा व्यायाम नाही. सगळं ढकलणं. दिवसभर लॅपटॉपवर खांदे पुढे आलेले आणि वर व्यायामातही पुढचीच बाजू. तालमीत दोर आणि मल्लखांब होता, फ्लॅटमध्ये काय? दाराच्या चौकटीत अडकवायचा पुलअप बार मी आणला होता, आमच्या बिल्डरच्या कृपेने चौकटच हलायला लागली, दिला परत. डंबेल असलं की एक हात खुर्चीवर टेकवून रो मारता येतो, म्हणजे वाकून दुसऱ्या हाताने वजन कमरेकडे ओढायचं, विषय संपला. फक्त या एका कारणासाठीही मी वजन घ्या म्हणेन.

आवाजाचं काय, तर खाली कुणी राहत असेल तर उड्या बादच समजा. सकाळी सहाला जम्पिंग जॅक म्हणजे खालच्या काकू दहाव्या मिनिटाला जिन्यात. योगा मॅट साधारण ६ मिलिमीटरची असते, ती पाय घसरू नये म्हणून, दणका शोषायला नाही. वजनालाही धोका आहेच, टाइलवर १२ किलोचं लोखंड सुटलं तर टाइलचा आणि सोसायटीतल्या संबंधांचा एकदमच निकाल, म्हणून खाली जाड रबराची मॅट लागते. आणि हो, डंबेल डोक्यावर न्यायच्या आधी वर पंखा कुठे आहे ते बघा, हसू नका.

खर्चात उड्या आणि नमस्कार फुकट, वजनाला पैसे लागतात, पण डंबेल किलोवर मिळतात, एकदाच घ्यायची आणि जुनीही चालतात, लोखंड काही विटत नाही. प्लेटा काढून-घालून वजन बदलायचे सेट स्वस्त दिसतात, पण त्यांनी स्विंग कधीच मारू नका, मधेच नट सैल झाला तर प्लेट कुठे जाईल सांगता येत नाही.

घड्याळ कसं लावायचं हाही निवडीचाच भाग आहे. अमुक मिनिटांत जमतील तेवढ्या फेऱ्या, याला ॲमरॅप म्हणतात, क्रॉसफिट या व्यायामपद्धतीतलं सिंडी नावाचं प्रसिद्ध सर्किट असंच आहे, ५ पुलअप, १० पुशअप, १५ स्क्वॉट आणि २० मिनिटं न थांबता. स्पर्धेची खुमखुमी असणाऱ्याला मजा येते, पण एकट्याने घरी केलं की माणूस आकड्यामागे लागतो, स्क्वॉट अर्धे होतात. मला इमॉम आवडतं, म्हणजे दर मिनिटाच्या सुरुवातीला ठरलेला आकडा मारायचा आणि मिनिट संपेपर्यंत उरलेला वेळ आराम. माझं असं चालतं: पहिल्या मिनिटाला १० गॉब्लेट स्क्वॉट, दुसऱ्याला दोन्ही हातांनी ८-८ रो, तिसऱ्याला ८ पुशअप, चौथ्याला १५ स्विंग, पाचवं मिनिट पूर्ण मोकळं. चार वेळा, म्हणजे २० मिनिटं. आराम १५ सेकंदांच्या खाली आला की त्या दिवशी आकडा कमी करायचा, हट्ट नाही. आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून, आणि रविवारी १५ मिनिटं वेगात नमस्कार. जागतिक आरोग्य संघटना जोरकस व्यायाम आठवड्याला किमान ७५ मिनिटं सांगते, माझ्या वेळातला आराम वजा केला तर थोडे कमीच भरतात, पण मोजत बसायला मी कारकून नाही. जोर लागतोय की नाही ते बोलून बघा, दोन-चार शब्दांपेक्षा जास्त एका दमात बोलता येत असेल तर अजून वाव आहे. ते व्यायामानंतरही तासन्‌तास चरबी जळते वगैरे प्रकरण आहे ना, ते खरं असलं तरी फार किरकोळ, वडापाव काही त्यात जळत नाही.

मग उड्या कुणी कराव्यात? तळमजला किंवा गच्ची आहे, पंचविशीच्या आत आहात, वजन आटोक्यात आहे, खेळायची सवय आहे, तर खुशाल. सतत फिरतीची नोकरी असेल, आज नाशिक उद्या नागपूर, तर लॉजच्या खोलीत नमस्कार आणि पुशअपच कामाला येतात, तिथे केटलबेल कोण नेणार. ब्लड प्रेशर असेल, छातीत कधी दुखलं असेल, गरोदर असाल किंवा बरीच वर्षं काहीच केलं नसेल तर तिन्हींपैकी काहीही सुरू करायच्या आधी डॉक्टरला विचारा, आणि वजन उचलताना श्वास कोंडून धरू नका. आणखी एक, पहिल्याच आठवड्यात अती केलं आणि अंग भयंकर दुखून लघवी कोकसारखी गडद झाली तर घरगुती उपाय न करता थेट हॉस्पिटल, स्नायू तुटून किडनीवर येतं.

आतेभाऊ ३४ चा, कॉलेजात कबड्डी खेळलेला, आता पोट सुटलेलं. त्याला म्हटलं १२ किलोची एक केटलबेल घे. तो म्हणतो १६ ची घेतो, १२ बायकी वाटते. म्हटलं १२ चे पंधरा-पंधरा स्विंग चार फेऱ्या मारून दाखव, मग १६ ची मी घेऊन देतो. अजून काही त्याचा फोन आलेला नाही.